डाव्या हाताची रेष

उसुई तेइजी कशाकशाला घाबरत असे हे सांगत बसलं तर संध्याकाळ होईल. कुत्र्याला घाबरे, टेलिफोनला घाबरे, नव्या बुटांना घाबरे. भूकंपाला आमच्याकडे सगळेच घाबरतात, पण जमीन हलायची थांबली की माणसं पुन्हा जेवायला बसतात. तेइजी मात्र पुढचा तासभर दाराच्या चौकटीत उभा राही आणि बायकोनं वाटी तिथे आणून दिली तर उभ्याउभ्याच भात खाई. त्याची बायको किनुए शेजारणींना सांगायची, "बघायला आले तेव्हा इतके थरथरत होते, की मला वाटलं थंडी वाजून आलीय. मीच अंगावर पांघरूण घातलं. झालं, ठरलं लग्न!"

आमच्या ओमे गावात पूर्वी गाद्यांच्या कापडाचे माग होते. तेइजीचा बाप त्या मागांची दुरुस्ती करायचा. पुढे माग बंद पडले, शेड ओस पडल्या, आणि त्यातली एक कुरामोची नावाच्या माणसानं घेऊन तिथे छापखाना काढला. पुस्तकांचा नव्हे, चित्रांचा. तांब्याच्या पत्र्यावर चित्रकारानं कोरायचं, तेजाबात बुडवून खायला लावायचं, मग त्या खाचांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागद ठेवून पत्रा प्रेसच्या रोलरखालून काढायचा. कागद खाचेत शिरून शाई ओढून आणतो. ऐकायला सोपं आहे. पण जास्त पुसलं तर चित्र आजारी दिसतं आणि कमी पुसलं तर मळकट. तेइजी विशीच्या आत तिथे लागला तो तिथेच राहिला.

कुरामोचीला कुणीतरी विचारलं होतं, की असल्या भित्र्या माणसाला लोकांचे मोलाचे पत्रे कसे देता? तो म्हणाला, "मला धीट माणूस नकोच. धीट माणसं पत्रे ओरबाडतात."

आणि ते खरं होतं. तेइजी पत्रा हातात घ्यायचा तो परक्याचं तान्हं मूल घ्यावं तसा. तळहाताच्या गादीनं शाई पुसताना श्वास धरून ठेवायचा. प्रेसच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू, ज्यांनी दाब कमीजास्त होतो, ते तो प्रत्येक कामाआधी हात लावून बघायचा, मग पुन्हा बघायचा, मग चहा पिऊन येऊन पुन्हा. बाकीचे हसायचे. हसले तरी त्याचा कागद कधी वाया गेला नाही.

अशा माणसाच्या वाट्याला देवानं मिनेगिशी यासुए आणून ठेवावी, याला काय म्हणायचं!

मिनेगिशी यासुए म्हणजे नदीपलीकडच्या सिमेंटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी. उंचीनं मागाच्या पेटीएवढी, आवाज मात्र पंचायतीच्या भोंग्यासारखा. तिची चित्रं तोक्योच्या गॅलऱ्यांत लागायची. सगळे तिला मानानं सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत, आणि ती सगळ्यांना काय वाटेल ते म्हणत असे. तिचा एक हट्ट होता. पत्रा कोरायचा तो आपणच, तेजाबात घालायचा तो आपणच, छापायचाही आपणच. दुसऱ्याच्या हातून छापून घेतलेल्या चित्राला ती 'दत्तक पोर' म्हणायची. मग खांदा निकामी झाला, प्रेसचं चाक फिरेना, आणि तिला कुरामोचीच्या दारात यावं लागलं. त्या दिवशी ती इतकी चिडलेली होती, की दारातल्या मांजरावरही ओरडली.

तेइजीला तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा छापणार? हा तर आत्ताच पुसला गेलाय."

तेइजी वाकला तो वर येईचना.

"वर बघ. तुझं टक्कल छापायचं नाहीये मला," ती म्हणाली.

तिची आणखी एक गोष्ट त्याच्या मनात बसली होती. ती डावरी होती. तिच्या लहानपणी शाळेत डावरेपण चालत नसे. मास्तरांनी तिचा डावा हात कमरपट्ट्याला बांधून ठेवून तिला उजव्यानं लिहायला शिकवलं. त्यामुळे ती लिहायची उजव्यानं, काड्यांनी जेवायची उजव्यानं, चित्राखालची सहीही उजव्यानंच करायची. पण पत्रा पुढ्यात आला की सुई आपोआप डाव्या हातात जायची. एकदा तेइजी टक लावून बघतोय असं पाहून ती म्हणाली होती, "काय बघतोस? हा हात माझा आहे. दुसरा शाळेचा."

आता त्या पत्र्याबद्दल. आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात; माकडाचं वर्ष लागायचं होतं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिनं तो आणला. चित्र साधं होतं. सिमेंटच्या इमारतीची एक गॅलरी, कठड्यावर वाळत टाकलेली गादी, आणि अंधार पडत आलेला. गादी घरात घ्यायला कुणी आलेलं नाही. मागची खिडकी काळी. बस. पण त्यात तिनं सगळ्या युक्त्या एकत्र केल्या होत्या. कठड्याच्या सळ्या तेजाबानं खाल्लेल्या, कडक. संध्याकाळ राळेची पूड उडवून, ती तापवून, तेजाबात पुन्हा पुन्हा बुडवून केलेली, दाणेदार. आणि गादीचा मऊपणा मात्र तेजाबाशिवाय, नुसत्या सुईनं ओरबाडून काढलेला.

या शेवटच्या युक्तीतच सगळी गोम आहे. सुईनं तांबं ओरबाडलं की सरीच्या बाजूला माती पडून वरंबा होतो ना, तसा रेषेच्या एका अंगाला तांब्याचा बारीक वरंबा उठतो. शाई त्या वरंब्याला धरून बसते आणि कागदावर रेषेच्या त्या अंगाला मखमलीसारखी काळी साय उतरते. पण हा वरंबा फार नाजूक. रोलरखालून दर वेळी थोडा चेपतो. म्हणून लोक पत्र्याला लोखंडाचा मुलामा देऊन घेतात. सेन्सेई देऊ देत नसे. "मुलामा दिलेली गादी अंगाला टोचते," म्हणायची. "थोड्याच प्रती काढ. शेवटच्या जराशा फिक्या झाल्या तरी चालतील. पण माझी रेष गेलेली मला चालणार नाही. कळलं?"

गादीची एक बाजू कठड्यावरून खाली लोंबत होती. त्या लोंबत्या काठाची ती उभी रेष, तिचाच वरंबा सगळ्यांत उंच होता आणि तिचीच साय सगळ्यांत काळी. सेन्सेईनं पहिल्या नमुन्यावर 'असंच' म्हणून सही केली आणि तो नमुना भिंतीला टाचला. प्रत्येक प्रत त्या नमुन्याशी जुळली पाहिजे, हा आमच्या धंद्याचा कायदा.

सकाळी तेइजी कामाला लागला. अंगातून घाम, हात बर्फ. शाईत चुरा नाही ना ते पाहिलं. कागदाची ओल गालाला लावून पाहिली. या चित्राला जाड कागदावर गांपी नावाच्या झुडपाच्या सालीचा पातळ, रेशमी पापुद्रा चिकटवायचा होता, त्याची तांदळाची खळ दोनदा गाळली. पहिली प्रत निघाली, नमुन्याशेजारी धरली, जुळली. दुसरी जुळली. जेवणापर्यंत बऱ्यापैकी प्रती वाळवणीच्या फळ्यांमध्ये गेल्या आणि तेइजीला वाटायला लागलं, की आपण यातून सुटणार.

तेवढ्यात कुरामोची आला. "उसुई, एक मिनिटाचं काम. नव्या वर्षाच्या शुभेच्छा कार्डांचं माकड आलंय. एकच ठसा काढून दे, गिऱ्हाईक बाहेर उभं आहे."

माकड बिनशाईचं होतं, नुसतं कागदावर उठवायचं, म्हणजे दाब भरपूर हवा. तेइजीनं सेन्सेईचा पत्रा कापडात गुंडाळून बाजूला ठेवला, स्क्रू आवळले, माकड उठवून दिलं. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. तेइजीनं डबा खाल्ला आणि पुन्हा कामाला लागला. शाई पाहिली. ओल पाहिली. खळ पाहिली. म्हातारी डोळ्यांपुढून हलत नव्हती, त्यामुळे जे जे घाबरून तपासता येतं ते सगळं त्यानं तपासलं. आयुष्यभर ज्यांना हात लावल्याशिवाय त्यानं चाक फिरवलं नव्हतं, ते स्क्रू तेवढे राहिले.

चाक जड लागलं तेव्हाच त्याला कळलं. पण तोवर पत्रा अर्धा रोलरखाली गेलेला. थांबवला तर मधोमध पट्टा पडणार. त्यानं डोळे मिटून चाक पूर्ण फिरवलं.

कागद उचलला. सळ्या होत्या, संध्याकाळ होती, खिडकी होती. गादीचा लोंबता काठ मात्र नव्हता. तिथे एक करडी, आजारी रेघ होती, पेन्सिलनं मारून खोडल्यासारखी. गादी भिंतीत विरघळून गेली होती.

तेइजी पत्र्यावर वाकला, त्यानं भिंग लावलं. वरंबा सपाट झाला होता. तांबं चेपून जमिनीला मिळालेलं. चेपलेलं तांबं कुणी वर आणू शकत नाही. तो मोरीपाशी जाऊन उभा राहिला आणि नळ सोडून नुसता पाण्याकडे बघत राहिला.

सांगायचा त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. कुरामोचीच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. आत कुरामोची टेलिफोनवर हसत कुणालातरी सांगत होता, "अहो, आमच्याकडे उसुई आहे, काळजीच नको." तेइजी दारातूनच परत फिरला.

मग त्यानं जे केलं ते कुठल्याही धीट माणसानं केलं नसतं. धीट माणूस कबूल करून मोकळा झाला असता. तेइजी इतका भ्यायला होता, की भीतीपायी त्याच्या हातून ते धाडस झालं. त्यानं खणातून सुई काढली, नमुना शेजारी ठेवला, श्वास धरला आणि गादीचा काठ वरपासून खालपर्यंत पुन्हा ओरबाडला. हात कापला नाही. नवल म्हणजे, एकदाही कापला नाही. स्क्रू सैल केले, शाई भरली, प्रत काढली.

जुळली. हात लांब करून धरली तर नमुना कुठला आणि प्रत कुठली ते सांगता आलं नसतं. तेइजीनं उरलेल्या प्रती त्याच पत्र्यावरून काढल्या, पत्रा धुतला, पुसला, आणि घरी जाताना त्याला जवळजवळ हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वाळलेल्या प्रती फळ्यांमधून काढताना, सवयीनं, त्यानं भिंग लावलं आणि प्रत घाईघाईनं खिडकीच्या उजेडात नेली.

सेन्सेईच्या प्रतींत साय रेषेच्या आतल्या अंगाला होती, गादीच्या कापसावर. दुपारच्या प्रतींत साय बाहेरच्या अंगाला, भिंतीवर. सुई ज्या बाजूला कलते त्यावर वरंबा कुठे पडायचा ते ठरतं. डावऱ्याची सुई एकीकडे कलते, उजव्याची दुसरीकडे. त्यानं रेष तिची काढली होती, पण हात स्वतःचा वापरला होता. ती रेष आता मोठ्यानं सांगत होती, की इथे परका माणूस येऊन गेला. आणि सेन्सेई परवा सह्या करायला येणार होती.

रात्रीच्या जेवणात किनुएनं मुळ्याचा रस्सा केला होता. तेइजी काडीनं मुळ्याला भोकं पाडत बसला.

"तो मेलाय आधीच," किनुए म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही."

"अहो, तुम्ही 'काही नाही' म्हणता तेव्हा कान लाल होतात तुमचे. भूकंप झाला का?"

मग त्यानं सगळं सांगितलं. बोलताना मध्येच पिशवीतून आणलेली ती खराब प्रत काढून दाखवली. किनुए लग्नाआधी गाद्यांच्या कापडाच्या मागावर होती. तिनं भिंग वगैरे लावलं नाही. चित्राकडे बघून म्हणाली, "कोण बाई आहे ही? गादी दुपारीच आत घ्यायला नको का? दव पडलं की संपलं." मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चेष्टा सोडली. "सांगून टाका हो."

"मारतील त्या मला."

"मारू देत. त्यांचा खांदा तसाही गेलाय."

"अगं, मला मारल्याचं नाही," तेइजी म्हणाला. "त्यांनी सगळं आयुष्य दुसऱ्याला हात लावू दिला नाही. शेवटी नाइलाजानं माझ्याकडे दिलं. आणि मी हातच लावला. हे त्यांना कळलं तर त्या पुन्हा कोरणार नाहीत. आणि नाही कळलं, तर त्यांचं नाव माझ्या रेषेखाली राहील. कायमचं. मला दोन्हींची भीती वाटते."

किनुएनं त्याच्या वाटीतला मुळा उचलून आपण खाल्ला.

सह्यांच्या दिवशी सेन्सेई टॅक्सीनं आली. काठी होती. गेल्या वेळी नव्हती. तेइजीला वाटलं, खांद्यामुळे असेल. कुरामोचीनं आतल्या चटईच्या खोलीत बुटकं टेबल मांडलं होतं, पेन्सिल टोक करून ठेवली होती, वर टांगलेला दिवाही लावला होता.

"दिवा बंद कर," सेन्सेई म्हणाली. "डोळ्यात जातो."

कुरामोचीनं बंद केला. चहा झाला. शेंगदाण्याच्या वड्या झाल्या. तेइजी गुडघ्यांवर बसून प्रती एकेक करून पुढे ठेवायला लागला. सकाळच्या प्रती वर, दुपारच्या खाली.

"कोपऱ्यावर बोट ठेव," ती म्हणाली. "सही सरळ आली पाहिजे."

तो बोट ठेवी, ती त्याच्या बोटाशेजारी पेन्सिल टेकवून उजव्या हातानं, शाळेच्या हातानं, सही करी. चित्राकडे ती फारशी बघतही नव्हती. सकाळच्या प्रती संपत आल्या. मग संपल्या. पहिली दुपारची प्रत त्यानं पुढे सरकवली तेव्हा त्याच्या बोटाचा ओला डाग कागदाच्या काठावर उमटला.

"सगळ्या नमुन्याशी जुळतात ना?" तिनं विचारलं.

आता. हीच वेळ होती. तोंड उघडायचं, बस. तेइजीनं तोंड उघडलं.

"जुळतात," त्याच्याऐवजी कुरामोची म्हणाला. "उसुईचं काम आहे, सेन्सेई. आम्ही बघतसुद्धा नाही."

तिनं सही केली. तेइजीनं तोंड मिटलं. पुढची प्रत. सही. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भीती तिळभर कमी होईना. उलट दर सहीबरोबर ती वाढत गेली. त्याला एकदम वाटलं, आपण एका आंधळ्या विश्वासाच्या माणसाला हात धरून खड्ड्याकडे नेतोय आणि ती चालतेय.

चार-दोन सह्या उरल्या असतील. सेन्सेईनं पेन्सिल खाली ठेवली. "हात दुखला. आधी पत्र्याचं उरकू. आण."

आमच्याकडे रीत अशी, की प्रती ठरल्या तेवढ्या निघाल्या की चित्रकारानं स्वतः पत्र्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायची. मग त्यावरून पुन्हा कुणी चोरून छापू शकत नाही. पत्र्याचा तो शेवट. काही चित्रकार त्या वेळी रडतात. सेन्सेई कधी रडली नव्हती; ती फुली मारायची कोंबडी कापावी तशी.

तेइजीनं पत्रा आणला. हातांतून सुटू नये म्हणून त्यानं तो छातीशी धरला होता. तिनं तो मांडीवर घेतला, आणि सुई उचलण्याऐवजी तिचा डावा हात पत्र्यावरून फिरायला लागला. बोटांची टोकं. सळ्यांवरून, एकेका सळीवर थांबत. राळेच्या संध्याकाळीवरून, सावकाश. काळ्या खिडकीवरून. गादीवर आली. कापसावरून वरखाली फिरली. मग लोंबत्या काठाला लागली आणि तिथेच थांबली.

बोट मागे गेलं. पुन्हा आलं. रेषेच्या आतल्या अंगानं फिरलं, मग बाहेरच्या अंगानं.

"कुरामोची," सेन्सेई म्हणाली. "मला शेंगदाण्याच्या वड्या आणखी हव्यात."

"आहेत की, सेन्सेई, इथेच—"

"दुकानातल्या. जा."

कुरामोची गेला. दार सरकल्याचा आवाज झाला.

"उसुई. हा कोण आहे?"

तेइजीचं कपाळ चटईला टेकलं. मग एकदम सगळं आलं, धड क्रमानंही नाही: माकड, स्क्रू, चाक, सुई. "मी ओढली. मी. उजव्या हातानं. जेवणानंतरच्या सगळ्या प्रती माझ्या रेषेच्या आहेत. मी सांगणार होतो. नाही, सांगणार नव्हतो. मी फार घाबरलो होतो, सेन्सेई."

तो वाट बघत होता, की आता ओरडेल, आता पत्रा डोक्यात घालेल. चटईचा वास नाकात जात होता. खूप वेळानं त्यानं डोकं जरासं उचललं.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या शेजारी, कपाटाकडे बघत होती, जणू तोच तिथे बसलाय.

तेव्हा कुठे तेइजीला कळलं. काठी. दिवा. कोपऱ्यावर बोट ठेव.

"सेन्सेई, तुम्हाला..."

"हळू बोल. भिंती पातळ आहेत." तिचा भोंगा कुठल्या कुठे गेला होता. "हा पत्रा कोरला तेव्हाच धुरकं होतं. उन्हाळ्यापासून कागदावर काहीच दिसत नाही. तो नमुना पास केला ना मी, भिंतीवरचा? तो नाकाला लावूनही मला दिसला नव्हता. 'असंच' म्हटलं ते अंदाजानं."

तेइजीनं टेबलावरच्या सह्यांकडे पाहिलं.

"तुला वाटतं तू घाबरलास," ती म्हणाली. "मी टॅक्सीत बसले तेव्हापासून पाय गार पडलेत माझे. तुम्ही दुसऱ्याच कुणाचा पत्रा हातात दिलात, तर मी ओळखणार आहे का? मी त्याचं कौतुक करणार, सही करणार, आणि सगळे एकमेकांकडे बघणार. त्या सळ्यांवरून हात फिरवला ना आत्ता? माझ्याच आहेत असं वाटलं, पण खात्री वाटेना. संध्याकाळ लागली, खात्री वाटेना. म्हटलं, संपलं." तिचं बोट अजून त्या काठावरच होतं. "मग हा गाढव लागला. आणि लागल्याबरोबर कळलं, की हा माझा नाही. म्हणजे बाकी सगळं माझं आहे."

ती हसली का रडली ते तेइजीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्याचे स्वतःचे डोळे वाहत होते.

"नाक पूस आणि तुझ्या प्रती वेगळ्या काढ," ती म्हणाली, आणि थोडासा भोंगा परत आला. "सह्या झालेल्यासुद्धा. फाड."

त्यानं त्या काढल्या. गांपीचा पापुद्रा असलेला कागद पटकन फाटत नाही, तंतू ओढले जातात. प्रत्येक प्रत फाटताना ती कान लावून ऐकत होती. सकाळच्या तेवढ्या राहिल्या. ढीग बारीक होता.

"आता फुली."

त्यानं सुई तिच्या हातात दिली. तिनं ती परत त्याच्याकडे केली.

"तू मार. कोपरा मला सापडायचा नाही, आणि वाकडी फुली मारून मी जाणार नाही. आणि हे बघ, डाव्या हातानं मार."

"मला डाव्यानं काहीच येत नाही, सेन्सेई."

"मलाही उजव्यानं येत नव्हतं. बांधू का दुसरा कमरेला?"

तेइजीनं सुई डाव्या हातात घेतली. ती हातात उपऱ्यासारखी वाटत होती. त्यानं कोपऱ्यावर टेकवली आणि ओढली. रेघ सळ्यांवरून उड्या मारत, संध्याकाळीतून, काळ्या खिडकीला फाडून, गादीच्या काठावर आली, जिथे त्याची रेष होती, तिच्यावरून पलीकडे गेली. दुसरी रेघ त्याहून वाईट आली. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

सेन्सेईनं पत्रा ओढून घेतला. बोटाच्या टोकानं फुलीच्या एका रेघेवरून शेवटपर्यंत गेली. वरंबा कुठल्या अंगाला पडलाय ते तिनं चाचपलं.

"हं," ती म्हणाली. "घाणेरडी आहे. पण माझ्या बाजूला आहे."

कुरामोची वड्यांचा पुडा घेऊन आला तेव्हा ती निघायला उभी राहिली होती. फाटलेल्या कागदांकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "काही चुकलं का, सेन्सेई?"

"मला आवडल्या नाहीत," ती म्हणाली. "छापणारा ठीक आहे. त्याला बदलू नकोस."

माग बसवताना शेडच्या दाराशी तीन उंच दगडी पायऱ्या केल्या होत्या, मागांत पाणी शिरू नये म्हणून. टॅक्सी खाली उभी होती. सेन्सेई वरच्या पायरीवर थांबली. तिनं काठी पुढे टेकवली, ती हवेतच राहिली. कुरामोची ड्रायव्हरशी बोलत होता, त्याला दिसलं नाही. तेइजीनं पाहिलं, तिचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता.

त्यानं आपली बाही पुढे केली. तिनं ती इतकी घट्ट पकडली, की शिवण उसवल्याचा आवाज आला. त्यानं एक पाय खाली टाकला, मग तिनं टाकला.

"घाबरू नकोस, उसुई," सेन्सेई त्याच्या कानाशी म्हणाली. "मी धरलंय तुला."